उपाशीपोटीचा नमुना

सकाळी सहाला बर्फाचा डबा घेऊन निघते.
राखाडी टोपीच्या नळ्या साखरेसाठी,
जांभळ्या टोपीच्या त्या दुसऱ्या गोष्टीसाठी,
जिला डॉक्टर वैरागडे जनुक म्हणतात
आणि आमची आशाताई सुनंदा आत्राम म्हणते,
"रगतातलं खानदान."

मुलचेऱ्याच्या पुढे, साग संपून धानाचे बांध लागतात तिथं
आमची वस्ती. जुने लोक अजून कॅम्प म्हणतात.
"काल रात्री नऊनंतर काही खाल्लं?"
हे मी बंगालीत विचारते, उत्तर मराठीत लिहिते.
निताई हालदार म्हणतो, फक्त पान.
सरोजिनी मंडल म्हणते, काही नाही, देवाशपथ,
आणि तिच्या हनुवटीला मुरमुऱ्याचा एक दाणा.
मी दोघांनाही उद्या बोलावते.

खोकन मिस्त्री म्हणजे कुंपणाचा बांबू.
"याले काहून साखर होईल बापा," आशाताई म्हणाली,
"याच्या अंगावर माशी बसाले जागा नाही."
अहवाल आला, तर वस्तीत सगळ्यांत जास्त इन्शुलिन त्याचंच.
त्याला समजावताना मी म्हटलं:
ते येतं, दार वाजवतं,
पेशी आतून कडी लावून बसते.
मग आणखी येतात, आणखी जोरात वाजवतात,
आणि साखर बाहेर रस्त्यावर उभी, गाठोडं घेऊन.
खोकन बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, "पावसात?"

अहवालात असलं काही लिहायचं नसतं.
आमच्या पिशीला, बाबांच्या बहिणीला,
रात्री कडी वाजली की आधी नाव लागतं,
मग गाव, मग बापाचं नाव, तरीही ती उघडत नाही.
नऊ वर्षांची होती, चौसष्ट साली.
त्याच्याही आधी तिच्या बापानं
परक्यांच्या दारात भात नाही,
भाताची पेज मागितली होती, थाळी पुढे करून.
उपाशी माणसाचं शरीर कण कण साठवायला शिकतं,
आणि ते शिकणं रक्तातून पुढे जातं का?
विचारलं मी. डॉक्टर म्हणाले, असं एक म्हणणं आहे.
विरोधातही एक म्हणणं आहे.

मग त्यांनी पडद्यावर दाखवलं:
लांबच लांब ओळ, आणि मधेच एक अक्षर वेगळं.
"तुमच्या लोकांत हे जरा जास्त दिसतंय."
मला अक्षराचा फरक नवा नाही.
पहिलीत गुरुजींनी बिस्वासचं विश्वास केलं.
ब चा व झाला, पोट फोडलेली रेघ गेली,
आणि त्यावर माझी दहावी, माझं रेशन, माझी नोकरी.
बाबा अजून बिस्वास. एका घरात दोन आडनावं
आणि भांडण कधीच नाही.

आशाताईचा नमुनाही गेला होता, तुलनेसाठी.
तिच्यातही तेच अक्षर निघालं.
"म्हणजे आपण सोयरे झालो काय?"
"म्हणजे काहीच नाही," डॉक्टर म्हणाले, "नमुने कमी आहेत."
ती परतीच्या वाटेवर हसत राहिली,
आणि शिंदीच्या झाडाखाली गाडी थांबवून
मला सोयरीण म्हणून हाक मारली, जंगलाला ऐकू जाईल अशी.

आज माझी पाळी.
पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज, ग्लासभर पाणी, पाच मिनिटांत.
गोड इतकं की दात दुखतात.
अर्जात "मूळ गाव" असा रकाना आहे.
सगळ्यांचे मी भरले, पिशीनं सांगितलेली नावं,
नद्यांसकट, ज्या नद्या आता तिथं असतील की नाही माहीत नाही.
माझ्यापाशी पेन थांबलं.
जन्म मुलचेऱ्याच्या सरकारी दवाखान्यातला. तेच लिहिलं.

आता दोन तास बसायचं. पडवीत, घड्याळ समोर.
आत पिशी तांदूळ मोजतेय, मुठीनं,
माणशी दोन, आणि शेवटी एक वरची.
कुणी आलंच तर.
दार ती उघडणार नाही, पण भात असेल.
त्या वरच्या मुठीचं मी एकदा
दवाखान्याच्या काट्यावर वजन केलं होतं.
साठ ग्रॅम.